रबर दिसता कामा नये

माझ्या थोरल्या जावेच्या जिभेला हाड नव्हतं, हे आमच्या घरात कोणीही नाकारणार नाही. थोरले दीर म्हणायचे, "हिच्या कानात काही सांगण्यापेक्षा चौकात भोंगा लावावा. भोंगा निदान अधूनमधून बिघडतो तरी." यावर सगळ्यांत मोठ्याने जाऊबाईच हसायच्या.

आमचं दुकान एकच, मध्ये एक फुलाफुलांचा पडदा. पुढे जाऊबाईंचं पार्लर आणि मागे माझं शिलाई मशीन. कोणाची पँट आखूड कर, कोणाच्या दप्तराची चेन बदल, असली माझी कामं. पुढे त्या कापायच्या आणि मागे मी शिवायची. पडदा पातळ, त्यामुळे गल्लीतल्या प्रत्येक घरात काय शिजतंय आणि काय करपतंय ते मला बसल्या जागी कळायचं. मी मुळात तापट. निम्म्या गोष्टी ऐकून माझंच डोकं फिरायचं आणि मी पडद्याआडून ओरडायची, "त्याला घराबाहेर काढा आधी!" गिऱ्हाईक दचकायचं. जाऊबाई म्हणायच्या, "धाकटीकडे लक्ष देऊ नका, तिची सुई टोचते पण पिकत नाही."

जाऊबाई डावखुऱ्या. वेणी घालून झाली की शेवटी एक बारीक बट बाजूला ठेवायच्या, रबर लावायच्या आणि ती बट रबरावरून गुंडाळून टोक खालून आत खोचायच्या. सगळं जग ती बट उजवीकडून गुंडाळतं, या डावीकडून. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या उजव्या हाताच्या पोरीसुद्धा बघून बघून तसाच उलटा वेढा घालायला लागायच्या आणि दुसऱ्या पार्लरात गेल्यावर लोक त्यांना हसायचे. "रबर दिसलं की कामाची लाज गेली," हे त्यांचं ब्रीद. दुसरं ब्रीद असं, की समोर कोण बसलंय ते बघायचं नाही, केस बघायचे. डॉक्टरीणबाई असो की भांडी घासणारी, वेणी तीच, वेळ तोच. आणि काम संपलं की खांद्यावर दोन हलक्या थापट्या मारून म्हणायच्या, "झाली आमची राणी तयार!" समोरच्या बेकरीवाल्याच्या म्हाताऱ्या आईलासुद्धा हेच. तिच्या डोक्यावर केसांपेक्षा टाळू जास्त होती, तरी ती लाजायची.

आता शेंडेफळाबद्दल सांगायला हवं. जाऊबाईंना दोन मुलगे. दोघेही कामाधंद्याला दूर गेलेले. मुलगी नाही याची त्यांना भारी हळहळ. अशात एक आईवेगळी पोरगी शिकायला आली. हात चपळ, बोलणं गोड, आणि जाऊबाईंचं प्रत्येक वाक्य झेलणारी. त्यांना 'माई' म्हणायला लागली आणि माईंनी तिचं नाव शेंडेफळ ठेवलं. आमच्याच घरी जेवायची, माझ्याच मशीनवर स्वतःचे कपडे शिवायची. पुढे ती मोठ्या शहरातल्या मोठ्या पार्लरात नोकरीला गेली. तिथून दर आठवड्याला फोन करायची. एकदा तिने भोवती दिवे लावलेला भलामोठा आरसा पाठवला. "माई, तुमच्या जुन्या आरशात सगळ्या बायका आजारी दिसतात हो." खरंच दिसायच्या. आम्ही जुना आरसा माळ्यावर टाकला.

मला ती पोरगी आवडायची, हे आधीच सांगून टाकते. नंतर गल्लीतला जो तो म्हणायला लागला, आम्हाला पहिल्यापासूनच संशय होता. थापा! मला नव्हता आणि कोणालाच नव्हता.

तर एक दिवस केस कापायला एक बाई आल्या. करड्या केसांच्या, मोजकं बोलणाऱ्या. जवळच्याच एका मुलींच्या आधारगृहाच्या त्या अधीक्षक होत्या. नोकरी देतो, लग्न लावून देतो, काम शिकवतो अशी आमिषं दाखवून नेलेल्या, विकलेल्या आणि पोलिसांनी सोडवून आणलेल्या मुली तिथे राहत. "त्यांना काहीतरी हुन्नर शिकवणारं माणूस हवं आहे," असं बाई म्हणत होत्या, तोवर आमच्या जाऊबाईंनी कात्री खाली ठेवून "उद्यापासून येते" म्हणूनही टाकलं. पिशव्या उचलायला मी होतेच.

आधारगृहाला पाटी नव्हती. टायरच्या दुकानामागच्या बोळात एक उंच लोखंडी फाटक, एवढंच. आत शिरायच्या आधीच अधीक्षकबाईंनी एकच नियम सांगितला. ही जागा कुठे आहे आणि इथे कोण आहे, हे बाहेर कोणाला, अगदी घरच्यांनाही सांगायचं नाही. "काही मुलींची कोर्टात साक्ष व्हायची आहे. त्यांना शोधणारी माणसं मोकळी फिरताहेत." जाऊबाईंनी इतक्या जोरात मान हलवली की कानातले डूल लटपटले. मला तेव्हाच धास्ती वाटली, कारण ती मान मला चांगली ठाऊक होती.

आत लांबट खोली, दोन्ही भिंतींना लोखंडी खाटा, प्रत्येक खाटेखाली एक पेटी. कोपऱ्यातल्या दोरीवर टॉवेल वाळत होते. जाऊबाईंनी खिडकीशी खुर्ची मांडली आणि रंगांची पेटी उघडली. पोरींना नटायला आवडतं, एकदा आरशात स्वतःचं रूप बघितलं की त्या खुलतात, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा अनुभव. नव्या विद्यार्थिनींचा पहिला दिवस त्या नेहमी असाच सुरू करायच्या.

पेटीचं झाकण वाजलं आणि एक मुलगी कोणी न बोलावता उठून खुर्चीत येऊन बसली. चौदा-पंधराची असेल. तिला सगळे मधली म्हणत, कारण ती दाराजवळ झोपत नसे आणि खिडकीजवळही नाही, तिला खाट मधलीच लागे. ती कधीच कशात पुढे होत नाही, असं अधीक्षकबाई माझ्या कानात कुजबुजल्या. त्यांना बरं वाटलं. आम्हालाही.

जाऊबाईंनी सांगायच्या आधी तिने डोळे मिटले. सांगायच्या आधी हनुवटी वर केली. "किती शहाणी पोर आहे! जराही हलत नाही," जाऊबाई कौतुकाने म्हणाल्या. वेणी झाली, वेढा झाला, ओठांना रंग लागला. दोन थापट्या पडल्या. "झाली आमची राणी तयार!"

मधली उठली. आरशात तिने बघितलंच नाही. हात पोटाशी धरले, मान खाली घातली आणि विचारलं, "कुठल्या खोलीत जाऊ?"

खोलीतल्या बाकीच्या मुली भिंतीकडे तोंड करून बसल्या, जणू त्यांनी काही ऐकलंच नाही. जाऊबाईंचा हात तसाच हवेत राहिला. मग त्यांनी टॉवेल ओला केला आणि "नाही गं बाळा, कुठेच नाही, कुठेच नाही जायचं," असं पुटपुटत तिचा चेहरा पुसू लागल्या. पण टॉवेल तोंडावर येताच ती ताठ झाली. अधीक्षकबाईंनी टॉवेल हळूच काढून तिच्याच हातात दिला, तेव्हा कुठे तिने स्वतः तोंड पुसलं.

परतीच्या वाटेवर जाऊबाई माझ्या चार पावलं पुढेच चालत राहिल्या. घरी जेवल्या नाहीत. मी म्हणाले, "जाऊबाई, हे आपल्या आवाक्याबाहेरचं आहे. नका जाऊ परत." त्या म्हणाल्या, "उद्या नाही गेले तर त्या पोरीच्या लेखी मी कोण उरेन, सांग?" मी चिडून भांडी आदळली.

दुसऱ्या दिवशी त्या रंगांची पेटी घरी ठेवून निघाल्या. बरोबर कंगवा, कात्री आणि एक प्लास्टिकची बादली. ते राणीबिणीचं वाक्यही बंद. आता केस फक्त धुवायचे आणि कापायचे, आणि प्रत्येक वेळी आधी विचारायचं, "हात लावू का?" नाही म्हटलं तर पुढची. पहिले काही दिवस सगळ्याच नाही म्हणायच्या, आणि जाऊबाई बादलीशेजारी बसून स्वतःशीच बडबडत राहायच्या. शेवटी त्या स्वतःच खुर्चीत बसल्या. "मग तुम्हीच माझे कापा की." त्यांचे केस एका बाजूला कानापर्यंत आणि दुसऱ्या बाजूला खांद्यापर्यंत झाले. त्या तशाच अवतारात बेकरीत गेल्या, आणि बेकरीवाल्याने चिंतेने विचारलं, "घरी सगळं ठीक ना?" ही हकिकत त्यांनी दुसऱ्या दिवशी साभिनय सांगितली, तेव्हा मधलीला मी पहिल्यांदा हसताना पाहिलं. हसताना तिने तोंडावर हात घेतला नव्हता.

हळूहळू ती मागे उभी राहून टॉवेल धरू लागली. मग कंगवा धुवून देऊ लागली. "काकू, पाणी जास्त गरम आहे," असं आपणहून सांगू लागली. तिला शाळेत जायचं होतं. शाळा समोरच, बोळ ओलांडला की आली, घंटा आत ऐकू यायची. पण मधली फाटकाबाहेर पाऊल टाकायची नाही. फाटकापर्यंत जायची, कडीला हात लावायची आणि परत यायची.

कारण अधीक्षकबाईंनी आम्हाला सांगितलं. नेणारे पुरुष पकडले गेले होते. पण तिथे एक बाई होती, मुलींना रोज सजवून तयार करणारी. तिचं खरं नाव कोणाला ठाऊक नव्हतं, ती कधीच सापडली नाही. मधलीचं म्हणणं एवढंच होतं, की ती ताई बाहेर आहे तोवर ती मला कुठेही ओळखेल. कोर्टात उभं राहायलाही ती तयार नव्हती. "ती सापडल्याशिवाय ही पोर त्या शाळेची पायरी चढणार नाही," बाई म्हणाल्या.

इकडे दुकानात फोन चालूच होता. हात कामात असले की जाऊबाई फोन आरशाखाली उभा करून, स्पीकर लावून मोठ्याने बोलायच्या. मी पडद्याआड. एक दिवस ऐकते तर काय, "अगं शेंडेफळा, एक पोर आहे तिथे, काय दाट केस आहेत! कपाळावर जन्मखूण आहे, अगदी डाळीएवढी. मधल्या खाटेवर झोपते, म्हणून..." मी मशीन थांबवून बाहेर आले आणि हातवारे करून त्यांना गप्प केलं. फोन ठेवल्यावर चांगलीच झाडली. "उचलली जीभ लावली टाळ्याला! बाईंनी काय बजावलं होतं?"

"अगं, आपल्या शेंडेफळाला सांगितलं म्हणजे कोणाला सांगितलं? घरचीच तर आहे."

"घरच्यांनाही सांगायचं नाही म्हणाल्या होत्या."

पण पालथ्या घड्यावर पाणी. पुढच्या फोनवर शेंडेफळ म्हणत होती, "माई, मी येतेच आहे तिकडे. मलाही न्या ना त्या मुलींकडे, मीपण शिकवीन. कुठेशी आहे ते?" आणि जाऊबाई सांगत होत्या, "टायरवाल्याच्या मागच्या बोळात गं." अभिमानाने त्यांचा ऊर भरून आला होता.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी आम्ही आधारगृहात होतो. जाऊबाई खुर्चीत बसलेल्या, त्यांचे केस एव्हाना पुन्हा सारखे झाले होते. मधली म्हणाली, "काकू, आज मी वेणी घालू?" जाऊबाई इतक्या खूश झाल्या की माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. वेण्या त्या तिथे कधी शिकवतच नव्हत्या. त्या पहिल्या दिवसानंतर तो विषयच त्यांनी सोडला होता.

मी समोर स्टुलावर बसून मधलीचे हात बघत होते. उजव्या हाताची पोर. वेणी घट्ट, एकसारखी. शेवटी तिने एक बारीक बट बाजूला ठेवली. रबर लावलं. ती बट डावीकडून वेढत नेली आणि टोक खालून आत खोचलं.

जाऊबाईंनी हात मागे नेऊन चाचपलं. बोटं त्या वेढ्यावर फिरली, थांबली, पुन्हा फिरली. मी त्यांचा चेहरा बघत होते. असा चेहरा मी आमच्या सासूबाई गेल्या तेव्हाही पाहिला नव्हता.

"हा शेवट तुला कोणी शिकवला गं?"

"ती ताई करायची तिकडे. रोज. मी बघून बघून शिकले." मधली कंगव्यातले केस काढत होती. "ती म्हणायची, रबर दिसता कामा नये. आणि झालं की खांद्यावर असं दोनदा मारायची आणि म्हणायची, झाली आमची राणी तयार. तुम्ही पहिल्या दिवशी तेच म्हणालात. मला वाटलं, तुम्ही तिच्याच. मला न्यायला आलात."

कोणी थोबाडीत मारावी तसं झालं. जन्मभर जिचं तोंड बंद झालं नाही, त्या बाईला शब्द सापडेना.

मधलीने हात थांबवले. ती चलाख आहे. "काकू, तुम्ही ओळखता तिला?"

जाऊबाई 'नाही' म्हणू शकल्या असत्या. त्यांच्या हाताखालून किती तरी पोरी शिकून गेल्या होत्या, एखाद्या नावाची खात्री कोण देणार? मला तर वाटलं, आता उठतील आणि काहीतरी कारण काढून घरी जातील. त्या उठल्या, मधलीसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मला वाटतं, हो. मीच शिकवलंय तिला. मी आत्ता बाईंना सांगायला चालले आहे."

अधीक्षकबाईंच्या खोलीत त्यांनी नाव सांगितलं, पत्ता सांगितला, फोनमधला फोटो काढून टेबलावर ठेवला. मग भिंतीला धरून म्हणाल्या, "अजून एक आहे. ही जागा कुठे आहे, ते मी तिला सांगितलंय. आणि ही पोर इथे आहे, तेही."

अधीक्षकबाई उभ्याच राहिल्या. मोजकं बोलणारी बाई, पण त्या दिवशी जे बोलल्या ते मी इथे लिहीत नाही. जाऊबाईंनी सगळं खाली मान घालून ऐकलं. एरवी माझ्या माणसाला कोणी एक शब्द बोललं तर मी अंगावर जाते. त्या दिवशी मीही तोंड उघडलं नाही, कारण बाईंचं एकूण एक खरं होतं.

पोलीसबाई आल्या. त्यांनी तो फोटो इतर बायकांच्या फोटोंत मिसळून मधलीसमोर ठेवला. तिने एकावर बोट ठेवलं, फोटो पालथा घातला आणि जाऊन मधल्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून झोपली. पण तिला तिथे राहताही आलं नाही. संध्याकाळच्या आतच तिला दुसरीकडे हलवलं. कुठे, ते आम्हाला सांगण्याचा प्रश्नच नव्हता. जी एक जागा तिला कशीबशी आपली वाटू लागली होती, ती आमच्या जाऊबाईंच्या जिभेने घालवली. फाटकातून बाहेर पडताना अधीक्षकबाई म्हणाल्या, "आता येऊ नका." आम्ही गेलो नाही.

शेंडेफळ ठरल्याप्रमाणे आली. पोलीसबाई साध्या कपड्यांत माझ्या पडद्याआड बसल्या होत्या, मांडीवर एक उसवलेली पँट घेऊन.

"माई!" करत ती गळ्यात पडली. जाऊबाईंनी तिला खुर्चीत बसवलं, त्याच दिव्यांच्या आरशासमोर. "ये, तुझे केस विंचरून देते. किती रुक्ष झालेत." आणि खरंच विंचरू लागल्या. मला कळेना, या बाईचा हात कसा चालतो आहे.

"मग कधी जायचं तुमच्या त्या पोरींकडे?" शेंडेफळाने विचारलं.

"जाऊ. आधी सांग, तिकडे तू नेमकं काय काम करतेस गं?"

"सांगितलंय की, पार्लर."

"कोण येतं तिथे?"

आरशात दोघींची नजर भेटली. शेंडेफळ उठायला गेली, पण केस जाऊबाईंच्या डाव्या मुठीत होते. ओढत नव्हत्या, नुसते धरले होते. ती परत बसली. रडायला लागली. मला वाटलं, आता पाया पडेल, चुकलं म्हणेल. ती काय म्हणाली ते ऐका.

"माई, मी कोणाला पळवलं नाही. कोणाला विकलं नाही. कोणाला बोटसुद्धा लावलं नाही. मी फक्त वेण्या घातल्या."

"कोणाला घातल्यास?"

"ज्या समोर बसवल्या त्यांना! तुम्हीच शिकवलंत ना, समोर कोण बसलंय ते बघायचं नाही, केस बघायचे?"

मी पडदा फाडूनच बाहेर आले असते, पोलीसबाईंनी मनगट धरलं म्हणून. जाऊबाईंच्या हातातून केस सुटले. शेंडेफळ वळून त्यांचे हात धरत म्हणाली, "तुमचं ऐकते ती पोर. तिला सांगा, गप्प राहा म्हणावं. तिने कोर्टात माझा चेहरा दाखवला तर मी संपले. मी तुमची आहे ना, माई?"

जाऊबाई म्हणाल्या, "हो. माझीच आहेस." आणि पडद्याकडे बघून म्हणाल्या, "या बाहेर."

तिला नेलं तेव्हा अख्खी गल्ली गोळा झाली होती. बेकरीवाल्याची आई विचारत राहिली, आपल्या शेंडेफळाला कुठे नेताहेत?

मला अजून झोपेतून उठल्यावर क्षणभर वाटतं, हे झालंच नाही. माझ्या ताटाशेजारी बसून जेवलेली पोरगी. माझ्या मशीनवर गुणगुणत झालर लावणारी. रोज सकाळी उठून तिने कंगवा हातात घेतला असेल, समोर लेकरं बसली असतील, आणि तिने रबर दिसू नये याची काळजी घेतली असेल! माणूस इतकं नीटनेटकं काम करत असतं आणि... जाऊ दे.

नातेवाइकांनी आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणून जाऊबाईंना गप्प बसायचा सल्ला दिला. त्या कोर्टात गेल्या. काही गिऱ्हाइकं तुटली, त्यांच्या दुकानात असल्या पोरी तयार होतात म्हणून. दिव्यांचा आरसा आम्ही दोघींनी मिळून उतरवला आणि जुना परत लावला. सगळ्या बायका पुन्हा आजारी दिसू लागल्या. सगळ्यांत जास्त आजारी आमच्या जाऊबाई. बोलणं जवळपास थांबलं. थोरले दीर एकदा मला म्हणाले, "धाकटे, तिला काहीतरी बोलायला लाव. घर खायला उठतं." वेणी कोणी मागितली तर त्या साधी घालायच्या, रबर उघडं सोडून. राणी कोणीच होत नव्हतं.

मधलीने साक्ष दिली, हे आम्हाला पोलीसबाईंकडून कळलं. शेंडेफळाला शिक्षा झाली. बस, तेवढंच. पुढे बरेच महिने गेले.

मग एका सकाळी मी दुकानाचं शटर वर करून पायपुसणं झटकत होते, तर बेकरीच्या बाजूने अधीक्षकबाई येताना दिसल्या. बरोबर शाळेच्या गणवेशातली एक मुलगी. कपाळावर डाळीएवढी खूण. चालत येत होती. रस्त्यावरून, उजेडात, माणसांमधून. माझ्या हातातलं पायपुसणं गळून पडलं.

"आता परत आमच्याकडेच आहे. समोरच्याच शाळेत जाते," अधीक्षकबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा आमच्याबाबतीत अजून पूर्ण निवळला नव्हता. "हिनेच हट्ट धरला. इथूनच वेणी घालून घ्यायची म्हणून."

मधली खुर्चीत बसली. जाऊबाई तिच्या मागे उभ्या राहिल्या. "हात लावू का?"

"लावा की, काकू. त्यासाठीच आलेय."

वेणी झाली. जाऊबाईंनी रबर लावलं आणि हात मागे घेतला. मधलीने वेणी पुढे ओढून बघितली. "रबर दिसतंय."

"दिसू दे गं."

"असं नाही. तुम्ही करता तसं नीट करा. मला शाळेतल्या मुली विचारतात, अशी कुठे घालून मिळते. मी सांगितलंय, आमच्या काकू घालतात."

आमच्या काकू! जाऊबाईंचा डावा हात पुढे आला. बट डावीकडून वेढत गेली, टोक खालून आत गेलं. आणि जन्माची सवय कुठे जाते? त्यांच्या नकळत तिच्या खांद्यावर दोन थापट्या पडल्या.

जाऊबाई जागच्या जागी थिजल्या, हात तसाच हवेत. अधीक्षकबाई दारातून पुढे झाल्या.

मधली उठली. वाकून त्या जुन्या आरशात बघितलं, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. "हा आरसा बदला हो, काकू. मी काय इतकी आजारी दिसते?" म्हणाली. दप्तर उचलून पाठीला लावलं. "चला बाई, पहिला तास गणिताचा आहे, सर दारात उभं करतात." आणि दार ढकलून एकटीच रस्त्यावर उतरली, चालायला लागली. अधीक्षकबाईंना तिच्या मागे पळावं लागलं.